रोलिंग स्टोन्सचे ‘एनीबडी सीन माय बेबी?’ आणि त्याची उसनी चाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीतल्या एका घराच्या पडवीत आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा गाणी ऐकायला बसतो. आमच्यापैकी बहुतेकांचे कान नाट्यपदांवर, वारकरी भजनावर आणि शेजारच्या घरातून ऐकू येणाऱ्या कन्नड दासपदांवर तयार झाले आहेत. रॉक संगीत आमच्याकडे उशिरा आले आणि तेही कॅसेटमधून. रोलिंग स्टोन्सचे हे १९९७ सालचे गाणे जेव्हा जेव्हा लावले, तेव्हा तेव्हा त्याच्या चालीवरून वाद झाला आणि प्रत्येक वेळी साधारण तेच प्रश्न विचारले गेले. निपाणी, खानापूर, चिकोडीकडून येणारे नवे श्रोतेही तेच विचारतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवत आहे. उत्तरांतली माहिती उघड नोंदींवर आधारलेली आहे. मते माझी आहेत.

हे गाणे नेमके कोणते आणि ते बँडच्या कोणत्या काळातले?

रोलिंग स्टोन्स हा बँड लंडनमध्ये १९६२ साली उभा राहिला. ‘ब्रिजेस टू बॅबिलॉन’ हा त्यांचा अल्बम सप्टेंबर १९९७ मध्ये आला आणि ‘एनीबडी सीन माय बेबी?’ हे त्या अल्बममधून सर्वांत आधी बाहेर काढलेले गाणे. त्या वेळी बँडला पस्तीस वर्षे झाली होती, गायक मिक जॅगर चोपन्न वर्षांचा होता, गिटारवादक कीथ रिचर्ड्स त्रेपन्न वर्षांचा आणि ड्रमवादक चार्ली वॉट्स छप्पन्न वर्षांचा. जवळजवळ सुरुवातीपासून बास गिटार वाजवणारा बिल वायमन १९९३ साली बँड सोडून गेला होता आणि या गाण्यात बास वाजवला आहे तो जेमी म्युहोबेरॅकने. म्हणजे ज्या गाण्यांमुळे बँडचे नाव झाले, त्या साठच्या आणि सत्तरच्या दशकांतले हे गाणे नव्हे. नाव, पैसा आणि इतिहास हे सगळे पदरी असलेल्या माणसांनी उतारवयाच्या उंबरठ्यावर केलेले हे गाणे आहे.

निर्मितीसाठी जॅगरने डस्ट ब्रदर्स या जोडीला बोलावले होते. माइक सिम्पसन आणि जॉन किंग ही ती जोडी. आधीच्या ध्वनिमुद्रणांतले छोटे तुकडे कापून, ते फिरवत ठेवून त्यांवर नवे गाणे उभारणे ही त्यांची खासियत; १९८९ मध्ये बीस्टी बॉइज या रॅप गटासाठी आणि १९९६ मध्ये बेक या गायकासाठी त्यांनी याच रीतीने काम केले होते. रिचर्ड्सला ही पद्धत फारशी रुचली नव्हती. या गाण्यात मध्येच जो वेगळा, बोलल्यासारखा आवाज येतो, तो बिझ मार्की या न्यूयॉर्कच्या रॅप गायकाच्या जुन्या मुद्रणातला तुकडा आहे.

‘चाल उसनी आहे’ म्हणजे नेमके काय उसने आहे?

फक्त ध्रुवपद. कडव्यांची चाल वेगळी आहे, ताल वेगळा आहे, वाद्यमेळ तर पूर्णपणे वेगळा आहे. पण गाण्याचे नाव असलेली ओळ जिथे येते, तिथली स्वरांची चढउतार के. डी. लँग या कॅनेडियन गायिकेच्या ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’ या गाण्याच्या ध्रुवपदाशी जुळते. ते गाणे लँग आणि तिचा सहकारी बेन मिंक यांनी मिळून लिहिले. १९९२ सालच्या ‘अँजेन्यू’ या अल्बमचे ते शेवटचे गाणे आहे आणि त्यासाठी लँगला १९९३ मध्ये सर्वोत्तम पॉप गायिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तेव्हा हे कुठल्या कोपऱ्यात पडलेले, कोणी न ऐकलेले गाणे नव्हते.

आमच्या बैठकीत इथे हटकून एक शंका येते, की दोन गाणी एकाच रागातली असली तर ती सारखी वाटणारच, मग उसनवारी कसली? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्याच संगीतात आहे. भैरवीत शेकडो पदे आहेत आणि त्यांपैकी कोणीही कोणाचे ऋणी नाही, कारण राग सगळ्यांचा असतो. परंतु स्वर त्याच क्रमाने यावेत, ठहराव त्याच जागी यावा आणि शब्दांचे वजनही त्याच स्वरांवर पडावे, असे तिन्ही एकदम घडले की तो राग सारखा असण्याचा प्रश्न राहत नाही, चाल सारखी असण्याचा होतो. याची कसोटी सोपी आहे. एका गाण्याचे शब्द दुसऱ्या गाण्याच्या साथीवर म्हणून पाहावेत. ओढाताण न करता ते बसले, तर चाल तीच. या दोन ध्रुवपदांच्या बाबतीत शब्द इतके अलगद बसतात की पहिल्यांदा करून पाहणारा माणूस मध्येच थांबतो.

हे साम्य प्रथम कोणाच्या लक्षात आले?

रिचर्ड्सची मुलगी अँजेला हिच्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइफ’ या आत्मचरित्रात रिचर्ड्सने हा प्रसंग सांगितला आहे. गाणे बाजारात यायच्या बेतात होते, घरात ते वाजत होते आणि अँजेला व तिची मैत्रीण त्यावर भलतेच शब्द म्हणू लागल्या. ते शब्द ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’चे होते. वर सांगितलेली कसोटी त्या दोघींनी कसलाही हेतू न ठेवता लावली आणि गाणे उघडे पडले.

या प्रसंगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की गाण्यावर काम केलेल्या निर्मात्यांपैकी, वादकांपैकी आणि तंत्रज्ञांपैकी कोणाच्याही हे वेळेवर लक्षात आले नव्हते. ते गाणे सहज गुणगुणणाऱ्या एका मुलीच्या लक्षात आले.

मग जॅगरने ही चाल जाणूनबुजून उचलली होती का?

मला तसे वाटत नाही आणि रिचर्ड्सचेही म्हणणे तसे नाही. त्याच्या लिहिण्याचा आशय असा, की जॅगरचे मन स्पंजासारखे आहे. कानावर पडलेले ते शोषून घेते आणि कुठून आले ते विसरून पुन्हा बाहेर सोडते. जोडीदारावर दोषारोप करण्याची एकही संधी न सोडणाऱ्या त्या पुस्तकात रिचर्ड्सने या बाबतीत जॅगरची बाजू घेतली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

असे होऊ शकते का, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना मी सुळेभावीची आठवण करून देतो. बेळगावापासून जवळच असलेल्या त्या गावी १९२४ साली शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी या मुलाचा जन्म झाला, ज्याला पुढे सगळा देश कुमार गंधर्व म्हणून ओळखू लागला. लहानपणी तो मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा, हरकतीसकट गाऊन दाखवी. तसले कान ज्याला असतात, त्याच्या आत काय काय साठत जाते याची यादी त्याच्याजवळ नसते. कुमारांनी पुढे देवधर मास्तरांकडे शिक्षण घेतले आणि ऐकलेल्यातून स्वतःचे गाणे घडवले, ही त्यांची थोरवी. पण कानांची ती शोषून घेण्याची शक्ती मुळात दोषास्पद नव्हे. गाण्याची सुरुवात तिथूनच होते. आपल्या भजनी मंडळांतही हे नेहमी दिसते. पेटीवाला नवी चाल बसवतो, सगळ्यांना ती आवडते आणि दोन महिन्यांनी कोणीतरी सांगते की ही अमक्या जुन्या गाण्याची आहे. पेटीवाल्याला खरोखरच धक्का बसतो.

न्यायालयांनीही अजाणतेपणाची ही शक्यता मान्य केली आहे. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७० सालच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याची चाल शिफॉन्स या गटाच्या १९६३ सालच्या ‘ही’ज सो फाइन’ या गाण्याशी जुळते, असा दावा अमेरिकेत झाला आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की हॅरिसनने हे जाणूनबुजून केलेले नाही, तरीही त्याच्या नेणिवेतून ते घडले आहे आणि म्हणून जबाबदारी त्याचीच आहे. हेतू नव्हता एवढ्याने ऋण फिटत नाही, हे त्या निकालाचे तात्पर्य स्टोन्सच्या वकिलांना १९९७ मध्ये अर्थातच ठाऊक होते.

म्हणजे श्रेय दिले ते न्यायालयाच्या भीतीपोटी. त्यात कौतुक करण्यासारखे काय?

हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षे विचारला आहे. भीती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही त्यांच्यापुढे दुसरे मार्ग होते. ध्रुवपदाचे दोन स्वर फिरवून साम्य पुसता आले असते. गाणे अल्बममधून काढता आले असते. काहीच न करता, दावा आला तर पाहू असेही म्हणता आले असते, आणि संगीताच्या व्यवसायात बहुतेक वेळा हाच तिसरा मार्ग घेतला जातो. त्यांनी चाल तशीच ठेवली आणि तक्रार येण्यापूर्वी गीतकार-संगीतकार म्हणून जॅगर आणि रिचर्ड्स यांच्या जोडीला लँग आणि मिंक ही नावे छापली. ती नावे तेव्हापासून आजपर्यंत त्या गाण्यावर आहेत, ‘फॉर्टी लिक्स’ या २००२ सालच्या संग्रहातही आहेत.

ज्याची चाल घेतली त्याच्या दृष्टीने पाहिले तर घेणाऱ्याच्या मनात भीती होती की कृतज्ञता, याने फारसा फरक पडत नाही. नाव छापले गेले की नाही आणि ते कधी छापले गेले, याने पडतो.

लँगची प्रतिक्रिया काय होती?

तिने हा आपला सन्मान असल्याचे सांगितले. तक्रार केली नाही.

याच बँडने इतरांच्या बाबतीत असेच औदार्य दाखवले आहे का?

नाही, आणि हे सांगितल्याशिवाय या गाण्याचे पुनर्मूल्यांकन प्रामाणिक होणार नाही.

१९६८ सालच्या ‘बेगर्स बँक्वेट’ या अल्बमवर ‘प्रॉडिगल सन’ नावाचे एक गाणे आहे. मूळ आवृत्तीवर ते जॅगर-रिचर्ड्स यांच्या नावे छापले गेले होते. वास्तविक ते रेव्हरंड रॉबर्ट विल्किन्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकाचे होते, ज्याने ते १९२९ साली वेगळ्या नावाने प्रथम मुद्रित केले होते. श्रेय नंतर दुरुस्त झाले. त्याही आधी, १९६५ सालच्या ‘द लास्ट टाइम’ या त्यांच्या गाजलेल्या गाण्याचे ध्रुवपद स्टेपल सिंगर्स या कुटुंबाने गायलेल्या एका भक्तिगीतावरून घडलेले आहे. हे बँडने कधी लपवले नाही, पण गाण्यावर नाव जॅगर आणि रिचर्ड्स यांचेच राहिले.

आता यातली गुंतागुंत पाहा. त्या ‘द लास्ट टाइम’ची एक वाद्यवृंदावरची आवृत्ती बँडचा तेव्हाचा व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डहॅम याने साठच्या दशकाच्या मध्यावर काढली होती. तिच्यातला एक तुकडा द व्हर्व्ह या इंग्लिश बँडने घेतला आणि त्यावर ‘बिटर स्वीट सिम्फनी’ हे गाणे उभारले, जे जून १९९७ मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजले. स्टोन्सच्या साठच्या दशकातल्या गाण्यांचे हक्क ज्या अॅलन क्लाइनच्या कंपनीकडे होते, तिने परवानगीच्या अटींवर बोट ठेवले आणि द व्हर्व्हच्या रिचर्ड अॅशक्रॉफ्टला आपल्या गाण्याच्या चालीवरचे श्रेय आणि उत्पन्न दोन्ही सोडावे लागले. संगीतकार म्हणून जॅगर आणि रिचर्ड्स यांची नावे लागली. मुळात त्या गाण्याची ओळख बनलेली तंतुवाद्यांची सुरावट जॅगर किंवा रिचर्ड्स यांनी रचलेलीच नव्हती. ती वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्या डेव्हिड व्हिटेकरची होती. हा अन्याय बावीस वर्षे तसाच राहिला. मे २०१९ मध्ये जॅगर आणि रिचर्ड्स यांनी आपला वाटा अॅशक्रॉफ्टला परत दिल्याचे जाहीर झाले.

म्हणजे १९९७ या एकाच वर्षात या दोन माणसांची नावे एका परक्या गाण्यावर नको तितकी ठळक झाली आणि त्यांच्या स्वतःच्या एका गाण्यावर दोन परकी नावे हक्काने आली. पहिल्या प्रकरणात निर्णय कंपनीचा होता हे खरे असले, तरी पैसे स्वीकारणारे हात त्यांचेच होते. मी हे दोन्ही व्यवहार शेजारी ठेवूनच ‘एनीबडी सीन माय बेबी?’ ऐकतो. त्यामुळे त्या बँडविषयी माझा आदर वाढत नाही. त्या एका गाण्याविषयी मात्र वाढतो.

बेळगावच्या मराठी माणसाने या इंग्रजी प्रकरणात इतके लक्ष का घालावे?

कारण चाल उसनी घेण्याचा आणि ते सांगण्याचा अनुभव आपल्या प्रदेशाइतका क्वचितच कोणाला असेल. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला. त्याच १८४३ साली आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. घराबाहेर पाऊल टाकले की कानावर कन्नड पडावे अशा मुलखात ते वाढले आणि पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ करून त्यांनी संगीत नाटकाचे युग सुरू केले. त्यांच्या पदांना साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांच्या चाली आहेत, हिंदुस्थानी चीजांच्या आहेत आणि कर्नाटकी चालीही आहेत. मराठी रंगभूमीचे वैभव म्हणून आपण जे मिरवतो, त्याचा मोठा भाग सीमेपलीकडून आलेल्या स्वरांवर उभा आहे. ती सीमा तेव्हा कागदावरही नव्हती.

आता जुन्या संगीत नाटकाचे एखादे छापील पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असा शब्द असतो आणि त्यापुढे ज्या गाण्यावर हे पद बांधले त्याचे सुरुवातीचे शब्द असतात. नाटककाराला त्यात कमीपणा वाटत नव्हता. उलट वाचणाऱ्याला आणि गाणाऱ्याला पद कसे म्हणायचे हे कळावे म्हणून ती ओळ गरजेची होती, आणि त्या गरजेतूनच एक प्रामाणिक रिवाज तयार झाला. कायदा, वकील, टक्केवारी यांपैकी काहीही नसताना प्रत्येक पदावर त्याच्या चालीचे मूळ छापलेले आहे, अशी परंपरा जगात किती ठिकाणी असेल! लँग आणि मिंक यांची नावे त्या गाण्यावर छापलेली पाहिली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही ओळ.

परंतु आपल्या रिवाजाची एक उणीवही याच तुलनेमुळे माझ्या ध्यानात आली. ‘चाल’ या शब्दापुढे गाणे असते, माणूस नसतो. ज्या कन्नड पदाचे दोन शब्द तिथे छापले, ते कोणी रचले, कोणी पहिल्यांदा गायले, धारवाडकडच्या कोणा गायिकेने ते किर्लोस्करांच्या किंवा त्यांच्या नंतरच्या कोणा संगीतकाराच्या कानावर घातले, याचा उल्लेख नसतो. गाण्याची ओळख राहिली आणि गाणारी माणसे मात्र मागे पडली. स्टोन्सच्या त्या गाण्याला जे साधले, म्हणजे दोन माणसांची पूर्ण नावे बरोबरीच्या अक्षरांत छापणे, ते आपल्या पुस्तकांना साधलेले नाही. आपली परंपरा थोर आहे असे मी मनापासून मानतो आणि म्हणूनच ही खंत लिहितो.

हे सगळे बाजूला ठेवले तर गाणे म्हणून ते चांगले आहे का?

आहे. १९९७ मध्ये मी असे म्हटले नसते. खडेबाजारातल्या एका दुकानातून आणलेली कॅसेट मी तेव्हा दोनदा ऐकली आणि ठेवून दिली. पन्नाशी ओलांडलेली माणसे तरुणांच्या तालावर नाचू पाहत आहेत, त्यांच्याजवळचे स्वर संपले म्हणून दुसऱ्याचे घेत आहेत, असे माझे मत झाले होते आणि ते मी बरीच वर्षे ठामपणे सांगत असे. ते मत चुकीचे होते.

कडव्यांकडे आधी लक्ष द्यावे. जॅगर म्हटले की जो मोठा, फाकलेला, आव्हान देणारा आवाज आठवतो, तो इथे नाही. आवाज खालच्या पट्टीत आहे, जवळजवळ पुटपुटल्यासारखा, आणि खाली बास संथपणे एकच आकृती धरून चालत राहतो. सोडून गेलेल्या बाईला शोधत शहरभर हिंडणारा माणूस मोठ्याने ओरडत नाही. तो आधी स्वतःशी बोलतो. मग ध्रुवपद येते, आवाज वर चढतो आणि तीच ती उसनी चाल उघडते. कडव्यांतला संकोच इतका वेळ धरून ठेवल्यामुळेच तिथे मोकळे झाल्यासारखे वाटते.

आता दोन्ही ध्रुवपदांचा अर्थ शेजारी ठेवावा. लँगच्या गाण्यात ही चाल एका विधानाला लावलेली आहे. एक ओढ आहे, ती सतत आहे आणि ती आधीपासूनच होती, असे ती सांगते. तिच्या स्वरात स्वीकार आहे आणि वाक्य पूर्ण होते. जॅगरच्या गाण्यात तेच स्वर प्रश्नाला लागले आहेत. माझी प्रिया कोणी पाहिली का, असे तो विचारतो आणि उत्तर येत नाही. जे स्वर एका ठिकाणी समजुतीने खाली उतरतात, तेच दुसऱ्या ठिकाणी रिकामे परत येतात. चाल तशीच ठेवून भाव बदलणे हे आपल्याला नवीन नाही; शृंगाराच्या ठुमरीवर भक्तीचे पद बांधलेले आपण ऐकतोच. मूळ चालीत नसलेला अर्थ तिच्यातून काढता आला, तर ती उसनवारी सत्कारणी लागली असे मी म्हणतो, आणि इथे ती लागली आहे. ध्रुवपदाचे दोन स्वर फिरवून साम्य पुसले असते तर हा अर्थ गेला असता, कारण लँगचे गाणे ज्याला ठाऊक आहे त्याच्या कानात जॅगरच्या प्रश्नाच्या मागे तिचे उत्तर सतत वाजत राहते.

चोपन्नाव्या वर्षी असा प्रश्न गाण्यात विचारणे आणि पंचविसाव्या वर्षी विचारणे यांत फरक आहे. मला तो कळायला माझीही वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

गाण्यात दोष नाहीत का?

आहेत. बिझ मार्कीचा तुकडा वरून चिकटवल्यासारखा वाटतो. तो काढला असता तर गाण्याचे काही बिघडले नसते. शेवटची आवर्तने गरजेपेक्षा जास्त आहेत. शब्दांत नावीन्य कमी आहे आणि रिचर्ड्सच्या गिटारला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, याची चुटपुट त्याच्या वादनावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला लागेल. ब्रिटनच्या यादीत गाणे २२ व्या क्रमांकापर्यंतच गेले. पण तो दोष गाण्याचा समजू नये.

त्याचे चित्रीकरण पाहावे का?

एकदा पाहावे. सॅम्युएल बेयर याने ते दिग्दर्शित केले आहे आणि त्यात तेव्हा फारशी प्रसिद्ध नसलेली अँजेलिना जोली नाचाचा मंच सोडून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हिंडताना दिसते. मात्र गाणे आधी डोळे मिटून ऐकावे. चित्रे एकदा पाहिली की ती कानांना मोकळे ठेवत नाहीत.

रोलिंग स्टोन्स आपल्या भागात कधी आले होते का?

बेळगावात नाही. एप्रिल २००३ मध्ये त्यांचे भारतात दोन कार्यक्रम झाले, ४ तारखेला बेंगळुरूमध्ये आणि ७ तारखेला मुंबईत. बेळगाव या दोन्ही शहरांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. रात्रीच्या बसने कोणत्या दिशेला जायचे, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न तेव्हाही पडला होता.

आमचे भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणते. ते गैर आहे का?

धार्मिक विधीच्या प्रसंगी केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात सूट आहे, त्यामुळे देवळात म्हटलेल्या अभंगाबद्दल चिंता करण्याचे कारण नाही. त्याचे ध्वनिमुद्रण करून ते प्रसिद्ध करणे ही वेगळी गोष्ट आहे. गाण्याचे शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण या कायद्याने तीन स्वतंत्र कृती मानल्या आहेत आणि संगीतावरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. अभंग तुकोबांचा, म्हणजे शब्द सर्वांचे. पण चालीवरचा हक्क अजून टिकून असेल तर तो ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी घ्यावी लागेल. आणि परवानगीची गरज नसेल तेव्हाही, अभंग सुरू करण्यापूर्वी बुवांनी मूळ गाण्याचे आणि संगीतकाराचे नाव घ्यावे, असे मला वाटते. त्याला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही.

ही गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत?

आधी लँगचे, मग स्टोन्सचे आणि लगेच पुन्हा लँगचे. दुसऱ्यांदा ऐकताना तिचे गाणे बदललेले जाणवते; जॅगरचा प्रश्न कानात असताना तिचे विधान पूर्वीपेक्षा अधिक शांत वाटते. ज्यांना वेळ असेल त्यांनी त्यानंतर स्टेपल सिंगर्स, ‘द लास्ट टाइम’ आणि ‘बिटर स्वीट सिम्फनी’ ही तीन गाणी सलग ऐकावीत, म्हणजे याच प्रश्नाची दुसरी, कमी सुखाची बाजू कानावर येईल.

आमच्या बैठकीत ऐकायच्या गाण्यांची यादी मी हाताने लिहून भिंतीवर लावतो. या गाण्याच्या नावाखाली मी जुन्या नाटकाच्या पुस्तकातल्यासारखी एक ओळ लिहितो, आणि त्या पुस्तकांत जे राहून गेले तेही तिच्यात घालतो : चाल – ‘कॉन्स्टंट क्रेव्हिंग’, रचना के. डी. लँग आणि बेन मिंक, १९९२.